नऊ मिनिटांसाठी शब्द

स्टेपलरची पिन एका बाजूनं नीट मिटलेली नव्हती. तिचं एक टोक मागच्या कागदातून केसभर वर आलं होतं, आणि दोन्ही कागद एकमेकांवर सरकवून पाहताना ते तिच्या अंगठ्याला पुन्हा पुन्हा लागत होतं – टोचत नव्हतं, नुसतं लागत होतं, कुणीतरी हळूच बोट लावून ‘इकडे बघ’ म्हणावं तसं. मागच्या कागदावर खाली तिचं नाव टाइप केलेलं, नावाखाली हुद्दा, हुद्द्याखाली सहीसाठी टिंबांची रेघ. आणि पुढच्या कागदावर तिसऱ्या ओळीत ते वाक्य: पॅनेल ऑपरेटर गोंधळून गेल्यामुळे आवश्यक कार्यवाहीस नऊ मिनिटांचा विलंब झाला.

गोंधळून गेल्यामुळे... गेले कुठे मी? मी तर तिथेच होते.

चार वाजेपर्यंत सही हवी होती. काल संध्याकाळी कागद हातात देताना साहेब म्हणाले होते, “घरी जाऊन शांतपणे वाचा, घाई नाही. उद्या चारपर्यंत द्या म्हणजे झालं.” त्यांच्या आवाजात खरोखरच माया होती, आणि त्या मायेमुळेच तिला काल काही बोलता आलं नव्हतं. रागावलेल्या माणसाला उत्तर देता येतं. आपल्या भल्यासाठी शब्द निवडून आणलेल्या माणसाला काय म्हणायचं?

“चहा निवतोय,” आई म्हणाली.

“हो.”

“हो काय. मघापासून बघतेय, त्या कागदाकडे भांबावल्यासारखी बघत बसलीयस. सही करायची आहे ना? मग कर आणि मोकळी हो. गोंधळलीस असंच लिहिलंय, चोरी केलीस असं तर नाही लिहिलं.”

“चोरी केली असती तर निदान काहीतरी केलं असं तरी लिहावं लागलं असतं.”

“तुझं हे असं असतं,” आई कप उचलत म्हणाली. “सरळ चाललेलं बघवत नाही.”

भांबावल्यासारखी. तिनं तो शब्द मनातल्या मनात हातात घेऊन पाहिला, प्रयोगशाळेत नळी उजेडासमोर धरतात तसा. भांबावायला जागा नवी लागते – दार कुठल्या बाजूला उघडतं ते कळत नाही, आवाज कुठून येतोय ते कळत नाही, मान सारखी वळत राहते. इथे तर तीच खुर्ची होती, तोच टेबलाचा कोपरा, जिथे लहानपणापासून तिचं कोपर ठेवून ठेवून पॉलिश गेलं होतं. ती भांबावलेली नव्हती. आईलाही ते ठाऊक असणार. आईकडे अशा शब्दांचा मोठा साठा होता आणि हाताला लागेल तो ती फेकत असे: वेंधळी, बावचळलीस का, कुठे हरवलीयस. स्वतःसाठी मात्र आई वेगळं बोलायची. ‘मला काही सुचेना’ म्हणायची, किंवा फार तर ‘डोकं भंजाळलं’. म्हणजे ते बाहेरून आलं, माझ्यावर कोसळलं, माझा त्यात काय दोष. दुसऱ्याचा गोंधळ हा त्याचा स्वभाव असतो, आपला गोंधळ ही परिस्थिती असते... हे आपण कधी, कुठे शिकतो?

कागद पिशवीत ठेवून ती निघाली. पाणी शुद्धीकरण केंद्र चालत वीस मिनिटांवर होतं, आणि ती वीस मिनिटं गेले आठ दिवस एकाच गोष्टीत जात होती. रस्त्याच्या कडेनं जाडजूड नळ जात होता, जागोजागी गंजलेला, त्याच्या सांध्यांवर हिरवट ओल. या नळातलं पाणी त्या दिवशी... आठ दिवस ती रोज सकाळी वर्तमानपत्राचं आतलं पान आधी उघडत होती. कुठल्या वस्तीत पोटाच्या तक्रारी, जुलाब, काही? काही नव्हतं. पण काही नसणं हा पुरावा नसतो, एवढं तिला तिच्या शिक्षणानं शिकवलं होतं.

तो मंगळवार, दहा वाजून चार मिनिटं. गाळून झालेल्या पाण्यात क्लोरीन सोडतात आणि पाण्यात ते किती उतरलंय हे दोन मीटर सांगतात – एक टाकीच्या तोंडाशी बसवलेला, दुसरा त्याच नळावर दोन हात पुढे. दोघांचे आकडे तिच्यासमोर पॅनेलवर शेजारी शेजारी दिसतात, आणि त्यांचं सहसा जमतं, जुन्या शेजाऱ्यांचं जमावं तसं. त्या दिवशी पहिला मीटर पॉइंट आठवरून उतरत उतरत पॉइंट दोनवर आला आणि बझर वाजला. दुसरा पॉइंट आठवरच बसून राहिला. भिंतीवर लॅमिनेट करून नियम लावलेला आहे: पहिला मीटर पॉइंट तीनच्या खाली गेला की दोन मिनिटांच्या आत आणीबाणीचा डोस सुरू करावा. आणीबाणीचा म्हणजे नेहमीच्या चौपट. पहिला मीटर खरा असेल, तर नीट शुद्ध न झालेलं पाणी शहराकडे निघालेलं होतं. तो खोटा असेल आणि तिनं बटण दाबलं, तर चौपट क्लोरीनचं पाणी – मुलांच्या घशाला झोंबणारं, आणि शहरात डायलिसिसची दोन केंद्रं होती, तिथे यंत्राला जोडून बसलेली माणसं. पॅनेलसमोर ती एकटी होती.

तिनं बझर बंद केला. ती आकड्यांसमोर उभी राहिली. डोस सोडणारा पंप चालू होता. क्लोरीनच्या सिलिंडरचा दाब जागेवर होता. मग जिना उतरून टाकीच्या तोंडाशी गेली, पहिल्या मीटरला जिथून पाणी जातं त्याच तोटीचं पाणी बाटलीत घेतलं, त्यात गोळी टाकली, ढवळली, पाणी गुलाबी झालं, आणि तो गुलाबी रंग रंगपट्टीच्या चौकोनांशी लावून पाहिला. पॉइंट आठ. वर आली. पहिल्या मीटरवर अजून पॉइंट दोनच. तिनं डोस वाढवला नाही. रजिस्टरमध्ये वेळ लिहिली: दहा तेरा. पुढे अकरा मिनिटांनी पहिला मीटर आपणहून वर चढला आणि पॉइंट आठवर जाऊन बसला, मधल्या वेळात चहा प्यायला गेला होता असा. मेकॅनिक आला, उघडून पाहिलं, म्हणाला, यात काही नाही.

यात काही नाही, म्हणून मग तिच्यात काहीतरी असायला हवं होतं. वरच्या कार्यालयाला बझरची नोंद आपोआप जाते आणि नोंदीपुढच्या रकान्यात कारण लिहावं लागतं: यांत्रिक, विद्युत किंवा मानवी. मानवी म्हटलं की चौकशी तिथेच मिटते. मीटर जागेवर राहतो. ती सहा महिन्यांसाठी रेकॉर्ड विभागात जाते – “शिक्षा नाही हो, जरा विश्रांती,” साहेब म्हणाले होते – आणि तिच्या जागी जो कुणी बसेल, तो पुढच्या वेळी या मीटरच्या शब्दावर दोन मिनिटांच्या आत चौपट डोस सोडेल. न गोंधळता.

पण गुलाबी किती गुलाबी होतं? हेच आठ दिवस. ट्यूबलाइटच्या उजेडात, एकाच डोळ्यांच्या जोडीनं पाहिलेला रंग. साक्षीदार नाही, आणि रंग काही मिनिटांत उतरतो, तो जपून ठेवता येत नाही. तो पॉइंट आठच्या चौकोनासारखा दिसला, की मला तो तसा दिसायला हवा होता? वर येताना जिन्यावर मला हायसं वाटलं होतं का? वाटलं होतं. हायसं वाटणं हे कुठल्याही मोजमापात भेसळीसारखं असतं...

नळाच्या एका सांध्यापाशी ती थांबली. थेंब पडत होते, सावकाश, एकेक. आणि बाबा आठवले – आठवले म्हणजे आलेच, पिन जशी लागत होती तसे.

बाबा नकाशे काढायचे. चाळीस वर्षं एका कचेरीत उभं राहून, उतरत्या टेबलावर, इमारतींचे, रस्त्यांचे, नाल्यांचे नकाशे. कुठल्याही खोलीत शिरले की आधी त्यांना खिडकी दिसायची. मांडीच्या हाडाच्या ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी ते म्हणाले, “काल खिडकी डावीकडे होती.” डॉक्टर हसून म्हणाले, “थोडे कन्फ्यूज्ड आहेत. या वयात भुलीनंतर होतं.” आई म्हणाली, “अहो, खिडकी तिथेच आहे.” आणि मीही म्हणाले. कॉलेजची परीक्षा उरकून पहिल्यांदाच गेले होते मी, आदल्या दिवशी खिडकी कुठे होती हे मला ठाऊकही नव्हतं, तरी लहान मुलाशी बोलतात त्या आवाजात मी म्हणाले, “बाबा, खिडकी तिथेच आहे.” आणखी तीन दिवसांनी पलंगाच्या पायाशी लावलेला केसपेपर मी सहज चाळला. खाट क्रमांक चौदा खोडून वर नऊ लिहिलं होतं. ड्रेसिंगला नेलं होतं तेव्हा, ते औषधाच्या गुंगीत असताना, खाट बदलली होती. आधीच्या खाटेवरून खिडकी डावीकडेच होती. मी बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “असेल, असेल. मी जरा गोंधळतो हल्ली.” त्यानंतर तीन वर्षं ते जगले आणि प्रत्येक वाक्याच्या आधी ते हे वाक्य ठेवायचे, चप्पल दाराबाहेर काढून ठेवावी तसं. मी जरा गोंधळतो हल्ली, पण हा रस्ता पुढे बंद आहे ना? बंदच असायचा.

हाडं जुळली होती त्यांची.

केंद्राच्या फाटकातून आत शिरताना तिला जाणवलं, की आपले दात एकमेकांवर घट्ट बसले आहेत.

पॅनेलवर सकाळच्या पाळीत बॅरिस्टर होते. वकिली त्यांनी कधी केली नव्हती. पण जाम झालेल्या व्हॉल्व्हशीसुद्धा ते वाद घालायचे आणि बहुधा जिंकायचे, म्हणून सगळं केंद्र त्यांना बॅरिस्टर म्हणायचं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

“काय म्हणतोय आरोपी?” खुर्ची न वळवता ते म्हणाले.

“बॅरिस्टरकाका, तीन वर्षांपूर्वी तुमच्या पाळीत मोठा पंप बंद पडला होता ना? तेव्हा तुमच्याकडून काय लिहून घेतलं होतं?”

“का? अपील करायचंय?”

“सांगा ना.”

“मला कुठे पाठ आहे. कपाटात असेल, दुसऱ्या खणात. काढ आणि वाच. मलाही ऐकू दे, बऱ्याच दिवसांत ऐकलं नाही.”

फाइल सापडली. मजकूर करायची पद्धत इथे जुनीच होती: साहेब जुनं निवेदन समोर ठेवून नवं टाइप करून घेतात, माणसानं फक्त सही करायची. तीच पानं, त्याच ओळी. तिसऱ्या ओळीत तेवढा फरक. तिनं मोठ्यानं वाचलं. “परिस्थितीचा सर्वांगीण अंदाज घेत असल्याने कार्यवाहीस सात मिनिटे लागली.”

“वा,” बॅरिस्टर म्हणाले.

“सात मिनिटं अंदाज घेत होतात?”

“कसला अंदाज घेतोय. अगं, हातपाय गळाले होते माझे. चार बझर एकदम वाजायला लागले, कुठला कशाचा तेच कळेना. मी बाहेर जाऊन तोंडावर पाणी मारून आलो. साहेबांनी हे लिहून आणलं, तेव्हा वाचल्यावर मला कळलं की मी अंदाज घेत होतो. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. घरी बायकोलाही वाचून दाखवलं.”

“त्या काय म्हणाल्या?”

“म्हणाली, घरात कधी घेत नाही तो अंदाज.”

ती हसली. आठ दिवसांत पहिल्यांदा, पोटातून. मग हसू मधेच थांबलं.

“तुम्ही गांगरला होतात, हे साहेबांना सांगितलं नाहीत?”

“त्यांनी विचारलं नाही. मी कशाला सांगू?” बॅरिस्टरनी आता खुर्ची वळवली. त्यांचा आवाज खाली आला. “हे बघ पोरी. गांगरलेला माणूस पाच मिनिटांत ताळ्यावर येतो. पण कागदावर गांगरलेला माणूस निवृत्त होईपर्यंत ताळ्यावर येत नाही. तू आलीस तेव्हाच साहेब म्हणाले होते, हुशार आहे, पण जरा बावरते. तुझं निवेदन त्या दिवशीच अर्धं टाइप झालं होतं.”

“मी बावरते?”

“पहिल्या दिवशी तू विचारलंस, हे दोन मीटर वेगळं दाखवायला लागले तर कुणाचं ऐकायचं? आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.”

पाळी बदलली, बॅरिस्टर डबा खायला गेले, आणि ती पॅनेलसमोर बसली. पॉइंट आठ, पॉइंट आठ. खाली पंपांची घरघर पायांच्या तळव्यांतून वर येत होती. तिनं पिशवीतून कागद काढून मांडीवर ठेवला. साहेब वाईट नव्हते. ‘निष्काळजीपणा’ हा शब्द त्यांच्यासमोर होता आणि त्यांनी तो बाजूला सारून ‘गोंधळ’ निवडला, त्यात त्यांना दया दिसली असणार. निष्काळजी माणसाला जाब विचारावा लागतो. गोंधळलेल्या माणसाला खांद्यावर थोपटून घरी पाठवता येतं. आणि मग त्यानं काय पाहिलं होतं ते विचारायची गरज उरत नाही. खिडकी तिथेच आहे, बाबा.

आता तिनं त्या नऊ मिनिटांशी एकेक शब्द लावून पाहिला, चौकोनाशी रंग लावावा तसा, आणि ठरवलं की कुठला हवाय याचा विचार करायचा नाही, कुठला जुळतो तेवढंच बघायचं. गांगरले? बझर वाजला तेव्हा, होय. तीन-चार सेकंद, हात उगाच टेबलाच्या कडेला गेला होता. दचकण्याहून थोडं जास्त. बावरले? आपण इथे एकट्या आहोत हे लक्षात आलं तेव्हा, जिना उतरताना, किंचित. चक्रावले नव्हते, चक्रावायला आपल्याभोवती काहीतरी फिरावं लागतं आणि तिथे तर सगळं भयंकर स्थिर होतं, दोन्ही आकडे, खिळ्यांसारखे. संभ्रम – हा वर्तमानपत्रांचा शब्द, पुढाऱ्यांमध्ये निर्माण होणारा. माणसाला एकट्याला तो होतच नाही. बुचकळ्यात पडले, हे जवळचं होतं. बुचकळ्यात पडलेला माणूस निदान कशापुढे तरी उभा असतो, समोर काहीतरी आहे आणि ते उलगडत नाही. आणि गोंधळले...

इथे ती अडखळली. कारण आठ दिवस ती स्वतःशी एकच वाक्य घोकत होती: मी गोंधळले नव्हते, मी विचार करत होते. बाजू लढवायला छान वाक्य. बॅरिस्टरना आवडलं असतं. पण ते खरं होतं का? आकड्यांसमोर उभी होते तेव्हा एक मिनिट, कदाचित दोन मिनिटं, मी कसलाही विचार करत नव्हते. पहिला आकडा पाहिला की तो खरा वाटत होता. दुसरा पाहिला की तो. दोन्ही एकदम पाहिले की डोक्यात काहीच राहत नव्हतं, नुसती पांढरी जागा. हात बटणाकडे गेलाही होता. मग मागे आला. त्याला मागे कुणी आणलं? विचारानं? नाही. त्या पांढऱ्या जागेनंच.

फोन वाजला. आई.

“केलीस का सही?”

“नाही अजून.”

“जेवलीस?”

“आई, एक विचारू? बाबांची खाट बदलली होती, दवाखान्यात. ते म्हणत होते खिडकी डावीकडे होती. तुला माहीत होतं?”

पलीकडे नळ चालू होता. तो बंद झाल्याचं ऐकू आलं.

“दोन दिवसांनी लक्षात आलं होतं,” आई म्हणाली. “आधी वाटलं, जागरणानं माझंच डोकं भंजाळलंय. मग सिस्टरला विचारलं तर ती म्हणाली, हो, बदलली. तोवर डॉक्टर, तू, मी, सगळे त्यांना समजावून बसलो होतो. म्हटलं, आता कुठल्या तोंडानं सांगू. सांगितलं असतं तर त्यांना कळलं असतं, की मीसुद्धा...” आई थांबली. “तू सांगितलंस तेव्हा मी बाहेर व्हरांड्यात होते. ऐकलं मी.”

“मग काही बोलली का नाहीस?”

“तुला वाटतं तेवढं सोपं नसतं ते.”

नळ पुन्हा सुरू झाल्याचं ऐकू आलं.

“काय करायचं ते कर,” आई म्हणाली. “पण संध्याकाळी घरी येऊन माझ्यावर चिडचिड करू नकोस. मला आधीच काही सुचत नाहीये.”

फोन ठेवल्यावर तिला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. त्याऐवजी आलं ते कॉलेजचं पहिलं वर्ष, भौतिकशास्त्राचं प्रॅक्टिकल, दोऱ्याला टांगलेला धातूचा गोळा. त्याच्या झोक्यांवरून गुरुत्वाकर्षणाचा आकडा काढायचा. सगळ्यांचा नऊ पॉइंट आठच्या आसपास, माझा नऊ पॉइंट तीन. तीनदा मोजलं, तीनदा तेच. मॅडम येऊन वहीत डोकावल्या आणि प्रेमानं म्हणाल्या, “गोंधळू नकोस. बाकीच्यांचं किती आलंय बघ.” मी बघितलं. नऊ पॉइंट आठ लिहिलं. पैकीच्या पैकी गुण मिळाले. पुढच्या वर्षी त्याच टेबलावर, त्याच स्टँडवर एका नव्या मुलीला नऊ पॉइंट तीनच आलं, आणि ती खाली मान घालून उभी होती, आणि मी शेजारच्या टेबलावरून ते पाहत होते आणि काही बोलले नाही. त्या मुलीचा चेहरा मला आठवत नाही. कान आठवतात, लाल झालेले.

म्हणजे ‘गोंधळू नकोस’ असं सांगणारी माणसं कधीच वैरी नव्हती. मॅडम, साहेब, डॉक्टर, ती स्वतः – सगळे मऊ आवाजात बोलले होते. आणि ज्याला सांगितलं गेलं, त्याच्या हातात त्या क्षणी काहीतरी खरं होतं. अर्धं खरं, न सिद्ध झालेलं, पण होतं. त्यानं ते गोंधळासकट खाली ठेवून दिलं.

दोन आकडे एकाच वेळी खरे असू शकत नव्हते. ते दोन्ही पाहून जो गोंधळला नाही, त्यानं त्यातला एक पाहिलाच नाही. इतकं साधं. ती आठ दिवस चुकीच्या बाजूनं भांडत होती. तो शब्द माझ्या अंगावरून झटकून टाकायचा नव्हता. तो माझाच होता, त्या वेळी त्या खोलीत असलेल्या सगळ्या गोष्टींमध्ये सगळ्यात नीट चालणारं यंत्र तेच होतं – आणि त्यांनी तो माझ्याकडून काढून घेऊन, त्याच्या मागचं पुढचं कापून, रकान्यात भरायला नेला होता.

तिनं रजिस्टरचं शेवटचं कोरं पान फाडलं नाही, ते नियमात बसत नव्हतं. पिशवीतल्या वहीचं पान घेतलं. मदतनीसाला दहा मिनिटं पॅनेलवर बसवलं आणि शेजारच्या टेबलावर, सरळ अक्षरात, सवयीप्रमाणे आधी वेळ लिहून सुरुवात केली. दहा चार: पहिला मीटर पॉइंट दोन, दुसरा पॉइंट आठ. मी गोंधळले. डोस सुरू करण्यासाठी हात बटणाकडे नेला व मागे घेतला. दहा सहा: पंप व सिलिंडरचा दाब पाहिला, दोन्ही ठीक. दहा दहा: पहिल्या मीटरच्या तोटीवरील पाण्याची हाताने तपासणी, रंगावरून पॉइंट आठ. रंग मी एकटीने, ट्यूबलाइटच्या उजेडात पाहिला. चूक असू शकते. दहा तेरा: डोस न वाढवण्याचा निर्णय. दोन मीटरांपैकी कोणता बरोबर होता हे मला तेव्हा कळले नव्हते, अजूनही कळलेले नाही, आणि ते कळेपर्यंत पहिला मीटर भरवशाचा धरू नये असे माझे म्हणणे आहे.

शेवटचं वाक्य तिनं पुन्हा वाचलं, काही खोडलं नाही, आणि खाली सही केली.

पावणेचारला ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली. साहेबांनी आधी टाइप केलेला कागद घेतला, टिंबांची रिकामी रेघ पाहिली, मग वहीचं पान. ते सावकाश वाचत होते, ओठ किंचित हलवत. एकदा चष्मा वर सारला.

“अहो, यात तर तुम्ही स्वतःच लिहिलंय, गोंधळले म्हणून. मग मी लिहिलं होतं त्यात काय वाईट होतं?”

“तुमच्या कागदात मी एकटीच गोंधळले होते, सर. कशापुढे, ते नव्हतं.”

साहेबांनी पान टेबलावर ठेवलं आणि त्यावर तळहात ठेवला, ते उडून जाईल असा. “तुम्ही मला मुलीसारख्या आहात, म्हणून सांगतो. हे असं वर गेलं तर मीटरची चौकशी लागेल. पुरवठादाराला बोलावतील. तुम्ही नियम मोडलात हेही तुमच्याच अक्षरात त्यांच्यासमोर असेल. तुम्हाला पॅनेलवर ठेवायचं की नाही हे मग माझ्या हातात राहणार नाही. सहा महिन्यांची गोष्ट होती. आता काय होईल मला सांगता यायचं नाही.”

“मलाही नाही.”

“बरं, एक सांगा.” ते पुढे झुकले. आवाजातली माया अजून तशीच होती, आणि आता तिला ती माया सहन करता येत होती. “मीटर चुकत होता, अशी खात्री आहे तुमची?”

“नाही.”

“मग?”

हा ‘मग’ तिला चांगला ठाऊक होता. यापुढे घाईघाईनं काहीतरी म्हणायचं असतं. वाक्य अर्धं सोडायचं, दुसरं धरायचं, हातवारे करायचे, शेवटी ‘तसं नाही, म्हणजे’ म्हणून गप्प व्हायचं, आणि समोरच्यानं समजुतीनं मान हलवायची. तिला ते सगळं दिसलं, जसा ओळखीचा जिना उतरण्याआधी दिसतो, पायऱ्या मोजता येतील इतका स्पष्ट. ती उतरली नाही. मीटर चुकला असेल. माझा रंग चुकला असेल. दोन्ही गोष्टी तिच्या डोक्यात शेजारी शेजारी उभ्या होत्या, कुणी कुणाला ढकलत नव्हतं, आणि त्यांच्यामध्ये तीच पांढरी जागा होती, जिचं तिला आठ दिवस भय वाटत आलं होतं. आता तिथे उभं राहता येत होतं. ऐसपैस होती ती.

साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा पानाकडे. ते अस्वस्थ होत होते. तिनं त्यांना होऊ दिलं.

“थांबा जरा,” ती म्हणाली. “विचार करतेय.”

आणि ती तशीच उभी राहिली, नेमकं वाक्य शोधत, जे अजून सापडलं नव्हतं. आणि ही वेळ खुशाल कुणीही मोजावी, असं तिला वाटलं.